बोटीवरचा मंगळवार

मोठ्या क्रूझच्या लिफ्टमध्ये पायाखालच्या जाजमावर वार लिहिलेला असतो. मंगळवारी 'ट्यूजडे', बुधवारी 'वेन्सडे'. मध्यरात्रीच्या सुमारास एक कर्मचारी येतो, कालचा वार गुंडाळून काखेत मारतो आणि आजचा अंथरून जातो. पहिल्या वेळी हे पाहून आम्ही दोघं विरघळलो होतो. सुट्टीवर आलेल्या माणसाला वाराचं भान राहत नाही, म्हणून त्याची एवढी काळजी! मी त्या जाजमाचा फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. त्याने उलट विचारलं, "रोज धुतात का रे?"

हल्ली मी लिफ्टमध्ये शिरलो की आधी खाली बघतो. 'ट्यूजडे' दिसला की मनातल्या मनात रविवारपर्यंतचे दिवस मोजतो. नोकरीत होतो तेव्हा शुक्रवारपर्यंतचे मोजायचो.

ज्याला क्रूझ परवडते त्याने क्रूझचा कंटाळा आला असं बोलू नये, हे मला कळतं. सुख बोचतंय मेल्याला, असं आमची आजी म्हणाली असती आणि समोर कांदे ठेवून चिरायला बसवलं असतं. म्हणून हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. त्यातून न्यू जर्सीतल्या निवृत्त मराठी माणसाने हे बोलणं म्हणजे फारच अवघड. इथे आमच्या गोतावळ्यात संक्रांतीचं हळदीकुंकू असो की गणपतीची आरती, दोन जोडपी भेटली की तिसऱ्या वाक्याला "मग यंदा कुठली क्रूझ?" येतंच. एडिसनहून बेयॉनचं बंदर गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. विमान नाही, बॅगेचं वजन करून अर्धे कपडे परत काढणं नाही. सकाळी घरी पोहे खाऊन निघावं आणि दुपारचं जेवण बोटीवर घ्यावं. इतकी सोय असली की माणूस एकदा जातो, पुन्हा जातो, आणि मग जाणं हीच त्याची सवय होऊन बसते.

किती वेळा गेलो ते मी मोजलेलं नाही. कंपनीने मोजलंय. एका रात्रीला एक गुण. ८० गुण झाले की तुम्ही 'डायमंड' होता आणि डायमंड माणसाला रोज चार पेयं फुकट मिळतात. आम्ही दोघंही मद्य घेत नाही, त्यामुळे दोघांची मिळून आठ पेयं रोज कशात तरी वसूल करायची जबाबदारी येऊन पडते. सकाळी कापुचिनो होते. हिला दुपारनंतर कॉफी चालत नाही, मला संत्र्याच्या रसाने आम्लपित्त होतं. तरी शेवटच्या रात्री "अजून तीन बाकी आहेत" म्हणत आम्ही नुसता सोडा पुढ्यात घेऊन बसलेलो असतो. डायमंडच्या वर 'डायमंड प्लस', त्याला १७५ गुण लागतात. सगळ्यात वरची पायरी ७०० रात्रींची. जवळजवळ दोन वर्षं! एवढ्या मुदतीच्या शिक्षेत वर्तणूक चांगली असेल तर माणसाला लवकर सोडतात.

उत्साह काही एका दिवसात उतरत नाही. माझा हत्तीपासून उतरायला लागला असावा. खोली आवरणारा माणूस रोज संध्याकाळी टॉवेलचं काहीतरी जनावर करून पलंगावर ठेवतो. ससा, हंस, कधी हँगरला लोंबकळणारं माकड. हत्तीला दोन टॉवेल लागतात. मोठ्या टॉवेलच्या दोन्ही बाजू मध्यापर्यंत घट्ट गुंडाळत आणायच्या आणि मधोमध दुमडून उभं करायचं, की चार पाय झाले. लहान टॉवेलचं डोकं, त्याचंच टोक वळवून सोंड. पहिल्या क्रूझच्या पहिल्या रात्री जेवून खोलीत आलो तर पलंगावर हत्ती बसलेला आणि त्याच्या डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा. हिने हात जोडले. खरोखरच जोडले. मग तो मोडायचा धीर कुणाला होईना. रोज नवा प्राणी येत गेला, आरशासमोरच्या फळीवर कळप जमला, आणि अंग पुसायला टॉवेल उरेनात तेव्हा ही जाऊन जास्तीचे मागून आली. पण हत्तीला हात लावू दिला नाही.

मागच्या वेळी मी आंघोळ करून बाहेर आलो, पलंगावरचा हत्ती सोंडेला धरून उचलला, झटकला आणि पाठ पुसली. माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. ही बघत होती. "अहो, चष्मा तरी काढायचा त्याचा," एवढंच म्हणाली.

पुलाचंही तसंच झालं. बेयॉनहून बोट सुटली की थोड्याच वेळात व्हेराझानो पूल लागतो. खालून बघताना बोटीचं धुराडं आणि पुलाचा तळ यांत इतकं कमी अंतर वाटतं, की आता आपटलं, अशीच प्रत्येकाची खात्री होते. झाडून सगळे प्रवासी वरच्या डेकवर माना वर करून उभे असतात. पूल डोक्यावरून सरकला की टाळ्या. 'क्वीन मेरी २' बांधताना तिची उंची याच पुलाचा हिशेब धरून ठरवली होती, ही माहिती मी सुरुवातीच्या काळात आजूबाजूच्या लोकांना न विचारता पुरवत असे. आता पूल येतो तेव्हा आम्ही बुफेत असतो. सगळे वर गेलेले असल्यामुळे रांग नसते.

मजेसाठी समुद्रावर हिंडण्याची ही कल्पनाच मुळी रिकाम्या बोटींतून निघाली. हाम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीत आल्बर्ट बालिन नावाचा गृहस्थ होता. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडायला उतारू मिळत नसत आणि बोटी बंदरात उभ्या राहून पैसे खात. १८९१ च्या जानेवारीत त्याने 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात नुसती हिंडायला पाठवली आणि बायकोला घेऊन स्वतःही तिच्यावर चढला. त्या काळात बोटीवर चढायचं ते कुठेतरी पोचण्यासाठी. न पोचण्यासाठी कोण पैसे मोजणार, असं लोकांना वाटलं. लोकांनी मोजले. पुढे जेट विमानं आली, अटलांटिक काही तासांत पार होऊ लागला आणि पोचवणाऱ्या बोटींचं काम संपलं. मग १९६६ मध्ये मायामीहून 'सनवर्ड' कॅरिबियन बेटांकडे उतारू नेऊ लागली आणि आजच्या क्रूझच्या धंद्याने मूळ धरलं. १९७७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'द लव्ह बोट' ही मालिका सुरू झाली आणि ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता त्यांनाही बोटीवर प्रेमात पडायची स्वप्नं पडू लागली. आम्ही बोटीवर चढलो तेव्हा लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे तो भाग आमच्याकडून राहून गेला.

बोटी तेव्हापासून फुगतच चालल्यात. २०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' निघाली ती ३६५ मीटर लांब, वीस मजली, टनेजच्या हिशेबाने टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठी. तिच्यावर सात पोहण्याचे तलाव आणि सहा घसरगुंड्या आहेत. म्हणजे समुद्रावर जायचं आणि तलावात पोहायचं. काही बोटींच्या पोटात खरी झाडं लावलेली बाग असते आणि काही खोल्यांच्या बाल्कन्या त्या बागेकडे उघडतात. तशी खोली आम्ही एकदा घेतली. समोरच्या बाल्कनीत एक गृहस्थ बनियनवर बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि समुद्र दोघांच्याही पाठीमागे कुठेतरी होता.

बंदरं मात्र खरी असतात, त्यांच्यावर माझा राग नाही. बरमुडा तर सुरेखच आहे. त्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. घरांची छपरं चुनखडीची, पायऱ्यापायऱ्यांची, पांढरीफेक. पावसाचं पाणी त्या पायऱ्यांवरून सावकाश उतरतं आणि घराखालच्या टाकीत जमा होतं. घर बांधायचं तर पाणी साठवायची सोय कायद्यानेच करावी लागते. पहिल्या वेळी टॅक्सीवाल्याने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या कोकणातली मे महिन्यातली तळ गाठलेली विहीर आठवली आणि मी त्याला इतके प्रश्न विचारले, की बिचाऱ्याने गाडी बाजूला थांबवून एका घराची टाकी दाखवली. परवाच्या खेपेला बसमध्ये शेजारी नवखं जोडपं होतं. त्यांनी छपरांकडे बोट दाखवायच्या आत मी पाठ केलेलं म्हणून टाकलं : चुनखडी, पायऱ्या, टाकी, कायदा. त्यांचे डोळे चमकत होते. मी खिडकीबाहेर बघतही नव्हतो.

आणि ती दुकानं! कॅरिबियनमधल्या कुठल्याही बेटावर उतरा, धक्क्यापासून शंभर पावलांवर टांझानाइट विकायला बसलेलं असतं. हा निळा-जांभळा खडा जगात एकाच ठिकाणी सापडतो, टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी. खरं तर तिथून तो थेट एखाद्या बोटविरहित माणसाकडेही जाऊ शकला असता. पण तो येतो सेंट मार्टिनच्या फिलिप्सबर्गला, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या नाही तरी निदान काही दशकं मुक्काम ठोकून असलेले सिंधी व्यापारी तो काचेखालून काढून मऊ कापडावर ठेवतात आणि हिच्या कुंकवाकडे बघून हिंदीत विचारतात, "बहनजी, आप कहाँ से?" उन्हाळ्यात अलास्काला गेलो तर हिमनगांच्या शेजारीही हाच खडा आणि हाच प्रश्न. काही दुकानांत बांगडीला अडकवायचा एक लोलक फुकट देतात, दर बंदराचा वेगळा. हिच्याकडे कासव, नांगर, पोपट, देवमासा असा सगळा संच जमलाय. बांगडी विकत घ्यावी लागते, ती अजून घेतलेली नाही. लोलक आमच्या देवघराच्या खणात एका डबीत आहेत.

एवढं होऊनही मला नक्की काय झालंय ते बरेच दिवस कळत नव्हतं. अन्न उत्तम, खोली स्वच्छ, माणसं हसतमुख. तक्रार करायला जागा नाही. मग एकदा परत आल्यावर पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "कसं झालं?"

"मस्त."

"जेवणबिवण?"

"मस्त."

"हवा?"

"मस्त होती."

पुढे तोही गप्प, मीही गप्प. सात दिवस, तीन बंदरं, शेकडो मैल समुद्र, आणि सांगायला तीन 'मस्त'. फोन ठेवल्यावर कळलं, की दुखणं हे आहे. क्रूझवर काही घडतच नाही. घडू नये याचीच त्या बोटीवर हजार-दीड हजार माणसं रात्रंदिवस काळजी घेत असतात, आणि ती आपल्या कामात फार हुशार आहेत.

मी लहान होतो तेव्हा मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला जायचो. 'रोहिणी', 'सरिता', 'कोकण सेवक' ही नावं आमच्या पिढीच्या कोकण्यांना अजून तोंडपाठ आहेत. वडील पहाटेच जाऊन डेकवर चादर टाकून जागा धरत. एक चादर म्हणजे आमचं सगळं बिऱ्हाड. डिझेलचा वास, सुक्या मासळीचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या आंबोळ्यांचा वास. आणि बोट हलायला लागली की आईने हातात दिलेलं लिंबू. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी थांबत थांबत बोट जायची. बऱ्याच ठिकाणी बोट काठाला लागत नसे. ती बाहेर उभी राहून भोंगा द्यायची आणि काठावरून पडाव यायचे. बोटीच्या कुशीला लावलेल्या शिडीवरून उतारू खाली उतरायचे. शिडीच्या तळाशी खलाशी उभा. लाट पडाव वर उचलून आणायची, तो नेमका क्षण साधून खलाशी माणसाला दंडाला धरून पडावात सोडायचा. पोरांना तर तो सरळ फेकायचा आणि खालचा झेलायचा. ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, नवऱ्या मुली, सगळे याच मार्गाने.

एका वर्षी देवगडला आजी शिडीच्या वरच्या पायरीवर बसली आणि उठेना. खाली पडाव नाचतोय, वर रांग खोळंबलीय, कप्तान भोंग्यावर भोंगे देतोय. आजीने खलाशाला सांगितलं, "तुझ्या सायबाला सांग, बोट जरा अलीकडे घे म्हणावं." खलाशी म्हणाला, "आज्ये, अलीकडे खडक आसत." आजी म्हणाली, "मग खडक कुणी ठेवले तिथे?" शेवटी दोघा खलाशांनी तिला बसल्या बसल्या उचललं आणि तशीच पडावात ठेवली. तिचं लुगडं भिजलं, पानाचा डबा समुद्रात गेला, आणि वडील महिनाभर कुणाला तोंड दाखवायला तयार नव्हते.

हा प्रसंग आजीने पुढची वीस वर्षं सांगितला. दर वर्षी बोट थोडी मोठी होत गेली, लाट थोडी उंच होत गेली, आणि शेवटी शेवटी तर कप्तानाने खाली येऊन हात जोडले होते. "माझ्यासाठी बोट थांबली होती," हे ती लग्नाकार्यात नव्या सुनांना आवर्जून सांगायची. माझ्या मुलीने आजीला पाहिलेलंसुद्धा नाही, तिलाही ही गोष्ट येते.

ग्रँड केमनला आजही मोठ्या क्रूझना धक्का नाही. तिथेही बोट बाहेरच उभी राहते आणि पडावच येतात. त्यांना टेंडर म्हणतात, एवढंच. पहिल्यांदा तिथे उतरताना माझ्या छातीत धडधडलं होतं. पण शिडी नाही. बोटीच्या पोटातलं दार उघडतं, टेंडर त्याला लागून बांधलेला असतो, दोन्ही बाजूंना कठडे, गणवेशातले दोन तरुण आपला हात धरून "वॉच युअर स्टेप, सर" म्हणतात. बाकांवर गाद्या. परत आल्यावर थंडगार ओला रुमाल. आजी असती तर तिला उतरायला एक मिनिट लागलं असतं आणि सांगायला काहीच उरलं नसतं.

गोष्टी घडतात, नाही असं नाही, पण त्या दुसऱ्यांना. १९७२ साली कार्निव्हल कंपनीची पहिलीच बोट 'मार्डी ग्रा' पहिल्याच सफरीला मायामीच्या बंदराबाहेर वाळूत रुतून बसली. बोटीवर तीनशे ट्रॅव्हल एजंट होते, कौतुकाने बोलावलेले! धंद्याची याहून वाईट सुरुवात कुणाला सुचणार नाही, आणि तीच कंपनी पुढे जगातली सगळ्यात मोठी झाली. २०१६ च्या फेब्रुवारीत आमच्याच बेयॉनहून निघालेल्या एका मोठ्या बोटीला अटलांटिकमध्ये वादळाने गाठलं. तीस फुटांच्या लाटा, प्रवाशांना खोल्यांतून बाहेर पडायला बंदी, छताचे पत्रे निखळलेले. बोट बहामाला न पोचताच परत फिरली, आणि प्रवाशांना सगळे पैसे परत मिळाले, वर पुढच्या क्रूझवर निम्मी सूट. आमच्या ओळखीतलं एक नागपूरकर जोडपं त्या बोटीवर होतं. आज इतकी वर्षं झाली, कुठल्याही पंगतीत त्यांना मानाचं पान. ते पाण्याचा पेला उचलून तिरका करून दाखवतात, "असा! अस्सा पलंग!" आणि सगळ्यांच्या हातातला घास हातात राहतो. मी शेजारी बसून आमच्या 'मस्त' क्रूझचा विचार करत वरण कालवतो. त्या आठवड्याचं आमचंही तिकीट काढायचं घाटत होतं. हिच्या भिशीमुळे राहिलं.

बोटीवर समुद्राचं नाव गंभीरपणे निघतं ते एकदाच, सुटायच्या आधी, आणीबाणीच्या कवायतीच्या वेळी. पूर्वी सगळ्यांना डेकवर रांगेत उभं करत. आता फोनवर चित्रफीत बघायची, नेमलेल्या जागी जाऊन तोंड दाखवायचं, झालं. मी ती चित्रफीत पूर्ण बघतो. जाकीट कसं घालायचं, शिटी कुठे असते. सगळ्या आठवड्यात तेवढाच काय तो थरार.

ज्याने माझं दुखणं ओळखलं तो माणूस जेवणघरातला होता. कोकण-गोव्याच्या माणसाला बोटीची नोकरी नवी नाही. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या खलाशांची कूडं होती, गावागावाची वेगळी, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. हा मालवणचा, पस्तिशीचा, छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली 'इंडिया'. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर मुख्य वेटरला सांगून दुसऱ्या दिवशी कार्डावर नसलेली डाळ आणि बटाट्याची भाजी करून घ्यायचा. एका संध्याकाळी पाणी ओतता ओतता म्हणाला, "काका, तुम्ही मागच्या वर्षी त्या दुसऱ्या बोटीवर होतात ना? माझ्याच टेबलावर?"

"होतो."

"कंटाळा नाय येत?"

मी चपापलो. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काय उत्तर द्यावं ते सुचेना म्हणून मीच उलट विचारलं, "तुला येतो का?"

तो हसला. "माका पगार गावता, काका," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

नंतर कळलं, तो बरमुडाला कितीदा आलाय याची त्याला गणती नाही आणि पांढरी छपरं त्याने धक्क्यावरून जेवढी दिसतात तेवढीच पाहिलीत. उतरला तर तेवढ्या वेळात वायफाय गाठून घरी फोन. मालवणला घरावर स्लॅब टाकायचं काम चाललं होतं आणि गवंडी त्याला रोज फोटो पाठवून फसवत होता, असा त्याचा संशय होता. या एका संशयात त्याला जेवढी गोडी होती तेवढी मला संपूर्ण कॅरिबियन समुद्रात वाटत नव्हती. शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, स्लॅब झाला का? म्हणाला, "झालो, पण एक कोपरो गळतलोच, बघा तुम्ही." ही गोष्ट मात्र मी घरी येऊन भावाला सांगितली.

न कंटाळणारी माणसंही असतात. मायामीच्या एका गृहस्थाने नोकरी सोडली आणि गेली वीस-पंचवीस वर्षं तो वर्षातले जवळजवळ सगळे दिवस क्रूझवरच राहतो. तलावाकाठच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिथूनच कामं करतो. २०१८ मध्ये त्याच्यावर 'द हॅपिएस्ट गाय इन द वर्ल्ड' नावाचा लघुपट निघाला. जमिनीवर आलं की त्याला नीट चालता येत नाही म्हणे, तोल जातो. मी तो लघुपट हिला दाखवला, मला वाटलं हिला त्याची कीव येईल. ही शेवटपर्यंत बघत राहिली आणि म्हणाली, "त्याचे कपडे कोण धुतं?"

"बोटीवरचे लोक."

"मग बरोबर आहे त्याचं."

तेव्हा मी माझं म्हणणं पहिल्यांदा हिच्यापुढे मांडलं. क्रूझवर काही घडत नाही. आठवणी होत नाहीत. मागे कुलूला जाताना दरड कोसळून बस अडकली होती, ती रात्र बघ, अजून जशीच्या तशी आठवते. धाब्यावरचा चहा, शेकोटी, सगळ्या बसने मिळून म्हटलेली गाणी...

"गाणी तुम्ही म्हणत होतात," ही म्हणाली. "पोर तापाने फणफणली होती. मी धाब्यामागे राहणाऱ्या बाईकडे दूध मागत फिरत होते आणि तिची म्हैस आटलेली होती. तुम्हाला शेकोटी आठवते. तुमच्या आजीची गोष्ट सांगता ना सारखी? सासूबाईंना विचारली होती का कधी? भिजलेलं लुगडं बदलायला पडावात आडोसा कोणी धरला, पानाचा डबा गेला म्हणून संध्याकाळपर्यंत बोलणी कोणी खाल्ली?"

मी गप्प बसलो. आईला खरंच कधी विचारलं नव्हतं.

"काही घडत नाही म्हणूनच मी जाते," ही म्हणाली. "सात दिवस सकाळी उठून आज भाजी काय, हा विचार नाही. काही बिघडलं तर निस्तरायला दुसरी माणसं. तुम्ही भावाला काय सांगायचं ते तुम्ही बघा."

एवढं बोलून तिने फोन पुढे केला. पुढच्या सप्टेंबरची बरमुडा, पाच रात्री, अनामत भरलेली. बोटीवरच एक टेबल असतं, उतरायच्या आदल्या दिवशी तिथे पुढच्या क्रूझचे पैसे भरले की सवलत मिळते. मी बुफेत असताना ही तिथे जाऊन आली होती.

"आणि मी नाही आलो तर?"

"एका खोलीत एकटं गेलं तरी भाडं दोघांचंच लावतात," ही म्हणाली. "म्हणजे तुम्ही आलात काय, नाही आलात काय, पैसे तेवढेच. आणि तुमची रोजची चार पेयं माझ्या नावावर करून देत नाहीत, मी विचारलंय त्यांना. चार पंचे वीस. ती कोण पिणार?"